तमस् म्हणजे अंधार, झोप की पाप?

प्रश्न विचारणाऱ्या ताई कराडच्या एका इस्पितळात परिचारिका आहेत. महिन्यातले दहा-बारा दिवस त्यांना रात्रपाळी असते. सकाळी घरी येऊन, डबे आणि आंघोळी उरकून त्या झोपल्या की घरातले वडीलधारे म्हणतात, ‘दिवसाढवळ्या झोपणं ही तामसी वृत्ती.’ गीतेतला श्लोकही काढून दाखवतात. ताईंनी विचारलं आहे की तमस् म्हणजे नेमकं काय : अंधार, झोप, अज्ञान की पाप? आणि रोज तिन्हीसांजेला मुलीला शेजारी बसवून ‘तमसो मा ज्योतिर्गमय’ म्हणतो, तेव्हा आपण काय मागत असतो?

ताई, वाईला कृष्णाकाठी मी गेली तीसेक वर्षं गीता, उपनिषदं आणि तर्कसंग्रह हा न्यायशास्त्राचा ग्रंथ शिकवतो आहे. तमस् या शब्दाचा अर्थ विद्यार्थी दरवर्षी विचारतात, पण बहुतेकांना तो परीक्षेपुरता हवा असतो. तुमच्या घरात हा शब्द रोज तुमच्या कानावर पडतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. तमस् म्हणजे झाकणारं. ज्याच्यामुळे समोर असलेलं दिसत नाही, ते तमस्. डोळ्यांपुढचा काळोख हा त्याचा पहिला अर्थ, बुद्धीवरचं झाकण हा दुसरा, आणि सगळ्या सृष्टीतला जडपणा हा तिसरा. झोप त्यात येते, पण एका कोपऱ्यात. ‘पाप’ हा तर या शब्दाचा मूळ अर्थच नाही.

शब्द नपुंसकलिंगी आहे आणि मनस् सारखा चालतो : तमः, तमसी, तमांसि. मराठीत शेवटचा स् गळून नुसता ‘तम’ उरला, त्यामुळे उत्तम, प्रियतम यांतला ‘तम’ हाच की काय, असं मुलं विचारतात. तो प्रत्यय वेगळा. त्याचा अंधाराशी काही संबंध नाही. तमस् ज्या तम् धातूशी जोडतात त्याचं रूप ‘ताम्यति’, म्हणजे कासावीस होतो, गुदमरतो, गळून जातो. तुम्ही इस्पितळात आहात म्हणून सांगतो : दम्याला आयुर्वेदात तमक श्वास म्हणतात, आणि त्यातल्या संतमक या प्रकाराचं वर्णन करताना चरकसंहिता म्हणते की रोग्याला आपण अंधारात बुडतो आहोत असं वाटतं. रात्री तीन वाजता धाप लागलेला माणूस तुम्ही उठवून बसवला असेल. त्याच्या डोळ्यांत जे दिसतं तेही या शब्दात आहे. तिमिर हा त्याचा जवळचा शब्द काव्यात अंधारासाठी येतो आणि वैद्यकात डोळ्यांच्या विकारासाठी. बाहेर उजेड नसला काय किंवा डोळा अधू झाला काय, दिसत नाही एवढं खरं.

अमरकोश या संस्कृत शब्दकोशात अंधाराच्या पायऱ्या सांगितल्या आहेत, त्या मला फार आवडतात. गाढ असेल तर अन्धतमस, विरळ होत असेल तर अवतमस, चहूकडे पसरलेला असेल तर संतमस. पाणिनीने या तीन शब्दांसाठी एक स्वतंत्र सूत्रच दिलं आहे : ‘अवसमन्धेभ्यस्तमसः’. आपल्याकडेही मिट्ट काळोख वेगळा, झुंजूमुंजू वेगळं, तिन्हीसांज वेगळी. दासनवमीला पहाटे सज्जनगडाच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला अवतमस समजावून सांगावं लागत नाही. पायरी दिसते, पण तिची कड दिसत नाही. अंधाराला असे कमी-जास्त थर असतात, हे पुढे कामाला येईल.

वेदांमध्ये तमस् हा शब्द फार जुना आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९ वं सूक्त, ज्याला नासदीय सूक्त म्हणतात, त्यात सृष्टीच्या आधीचं वर्णन आहे : ‘तम आसीत्तमसा गूळ्हमग्रे’. आरंभी तमस् होतं, आणि तेही तमसानेच झाकलेलं. पुढचा शब्द ‘अप्रकेतम्’, म्हणजे ज्यात ओळखायला कसलीच खूण नाही असं. इथे कोणी पापी नाही, राक्षस नाही, शिक्षा नाही. अजून काहीच वेगळं झालेलं नाही, एवढंच ऋषी सांगतो. सायणाचार्य या तमसाचा अर्थ माया, अज्ञान असा लावतात. पण ते चौदाव्या शतकातले, वेदान्ताचे संस्कार घेऊन वेद वाचणारे भाष्यकार. मी विद्यार्थ्यांना आधी सूक्त सूक्तासारखं वाचायला सांगतो, भाष्य नंतर. पाचव्या मंडलात स्वर्भानू नावाचा असुर सूर्याला तमसाने वेधतो आणि अत्री त्याला शोधून काढतात, अशी ग्रहणाची कथा आहे. तिथेही सूर्य नाहीसा होत नाही, झाकला जातो. पुढे राहूचं एक नावच ‘तमस्’ पडलं.

आता एक वाद सांगतो. तुमच्या प्रश्नापासून तो थोडा लांबचा वाटेल, पण माझी स्वतःची या शब्दाची समज त्यातूनच झाली. मी विद्यार्थी असताना पाठशाळेत संध्याकाळच्या पाठाच्या वेळी दिवे गेले. आम्ही चौघे-पाच जण. कोणीतरी मेणबत्ती शोधायला उठला, तर गुरुजी म्हणाले, “थांबा. अंधार दिसतोय का तुम्हाला?” आम्ही ‘हो’ म्हणालो. “मग दिसायला उजेड लागतो असं काल शिकवलं, त्याचं काय झालं?” मेणबत्ती तासभर तशीच राहिली आणि आम्ही अंधारातच अंधाराचा पाठ घेतला.

वाद असा. न्याय आणि वैशेषिक या दर्शनांच्या मते द्रव्यं, म्हणजे ज्यांच्या ठायी गुण आणि हालचाल असते त्या वस्तू, नऊ : पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश, काल, दिशा, आत्मा, मन. यावर कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक, म्हणजे वेदातल्या कर्मकांडाचा अर्थ लावणारे, म्हणतात, दहावं राहिलं, तमस्. का, तर अंधाराला रंग आहे आणि तो हलतो. ‘नीलं तमश्चलति’, काळा अंधार सरकतो, असा अनुभव सगळ्यांनाच येतो. कंदील घेऊन माणूस परसात निघाला की भिंतीवरचा काळोख त्याच्याबरोबर सरकतोच की. ज्याला रंग आहे, हालचाल आहे, ते द्रव्यच असलं पाहिजे. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, उत्तर देतात : रंग असलेली कोणतीही वस्तू डोळ्याला दिसायची तर उजेड लागतो. अंधार मात्र उजेड नसतानाच ‘दिसतो’, आणि दिवा आणला की जातो. तेव्हा ती वस्तू नव्हे. सरकतो तो दिवा. आपण ते सरकणं अंधारावर लादतो. तर्कसंग्रह लिहिणाऱ्या अन्नंभट्टांनी त्यावरच्या आपल्याच ‘दीपिका’ या टीकेत व्याख्या दिली आहे : ‘प्रौढप्रकाशकतेजःसामान्याभावस्तमः’. नीट उजळवणाऱ्या तेजाचा सर्वथा अभाव म्हणजे तमस्. ‘प्रौढ’ हवं, कारण एखादा काजवा चमकला म्हणून रानातला अंधार जात नाही. ‘प्रकाशक’ हवं, कारण न्यायशास्त्रात सोनंही तेजच मानलेलं आहे, आणि खोलीत सोन्याची लगड ठेवली तरी अंधार तसाच राहतो. एकेक शब्द असा तोलून घातलेला आहे.

त्या संध्याकाळी मला कळलं की तमस् आहे की नाही, ही गोष्टच आपल्या परंपरेने एका बाजूने मिटवलेली नाही. अद्वैत वेदान्ती बऱ्याच अंशी मीमांसकांच्या बाजूला झुकतात. अज्ञान हे नुसतं ज्ञान नसणं नव्हे, ते झाकणारं काहीतरी आहे, असं ते मानतात. आणि आपले ज्ञानेश्वर महाराज अमृतानुभवाचं अख्खं सातवं प्रकरण अज्ञानाच्या खंडनाला देतात. अज्ञान म्हणून दाखवायला गेलं तर हाती काहीच लागत नाही, असा त्यांचा रोख. इतक्या थोरांनी इतक्या बाजूंनी पारखलेला शब्द कोणाच्या झोपेवर शिक्का मारायला वापरायचा, हे मला मनापासून खटकतं.

तुमच्या घरातल्यांच्या मनात जो अर्थ आहे, तो सांख्य दर्शनाचा, तीन गुणांचा : सत्त्व, रज, तम. सांख्यकारिका या त्यांच्या ग्रंथातली तेरावी कारिका, म्हणजे तेरावा श्लोक, म्हणते, ‘गुरु वरणकमेव तमः’. तम जड आहे आणि झाकणारं आहे. सत्त्व हलकं आणि उजळवणारं, रज चळवळं आणि ढकलणारं. त्याच्या आधीच्या कारिकेत तिघांची कामं दिली आहेत, प्रकाश, प्रवृत्ती आणि नियम. हा ‘नियम’ शब्द लोक वाचतच नाहीत. नियम म्हणजे आवरून धरणं, थांबवणं, आणि ते काम तमाचं आहे. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना गाडीला इंजिन लागतं, दिवे लागतात, तसे ब्रेकही लागतात. तम नसतं तर दगड दगड राहिला नसता, हाड टणक राहिलं नसतं आणि दिवसभर धावलेलं मन रात्री थांबलं नसतं. कारिकेने दृष्टान्त दिला आहे ‘प्रदीपवत्’. वात, तेल आणि ज्योत एकमेकांशी न जुळणाऱ्या, तरी तिन्ही मिळून उजेड देतात. तमाचा कण नाही अशी एकही वस्तू सांख्यांना माहीत नाही. मग ‘हा तामसी, तो सात्त्विक’ अशी माणसांची वाटणी करायची, तर निदान प्रमाण कमी-जास्त असतं एवढं तरी लक्षात ठेवावं.

आता श्लोक. तुम्हाला दाखवतात तो चौदाव्या अध्यायातला आठवा असणार :

तमस्त्वज्ञानजं विद्धि मोहनं सर्वदेहिनाम् ।
प्रमादालस्यनिद्राभिस्तन्निबध्नाति भारत ॥

तम अज्ञानातून येतं, सगळ्या देहधाऱ्यांना मोहात पाडतं आणि प्रमाद, आळस, निद्रा यांनी बांधतं. झोपेचं नाव आहे, हे खरंच आहे. ते मी लपवणार नाही. पण दोन गोष्टी पाहा. यादीत पहिला प्रमाद. प्रमाद म्हणजे जे करायला हवं त्याबद्दलची बेफिकिरी. मग आळस, मग निद्रा. आणि क्रियापद आहे ‘निबध्नाति’, बांधतं. जी झोप करायचं काम करू देत नाही, ती या श्लोकातली निद्रा. रात्रभर सलाईन, नाडी, ताप बघत काम पुरं करून आलेल्या बाईची झोप ही कामाच्या नंतरची आहे. तिच्यात प्रमाद कुठे आहे आणि आळस कुठे आहे?

हे मी ओढूनताणून सांगत नाही. त्याच गीतेत सहाव्या अध्यायात भगवंत म्हणतात की योग अति झोपणाऱ्याला साधत नाही आणि अति जागणाऱ्यालाही साधत नाही, ‘न चातिस्वप्नशीलस्य जाग्रतो नैव चार्जुन’. लगेच पुढच्या श्लोकात ‘युक्तस्वप्नावबोधस्य’, म्हणजे झोप आणि जाग दोन्ही योग्य प्रमाणात असलेल्याला योग दुःख हरणारा होतो. रात्री झोपा आणि दिवसा झोपू नका, असं या दोन श्लोकांत नाही. आयुर्वेद उन्हाळा सोडून एरवी दिवसाची झोप टाळायला सांगतो, पण रात्री जागलेल्याला, थकलेल्याला, आजाऱ्याला आणि म्हाताऱ्याला तो मोकळीक देतो. (दुसऱ्या अध्यायातला ‘या निशा सर्वभूतानां’ हा श्लोक रात्रपाळीच्या बाजूने वापरू नका, त्याचा विषय वेगळा आहे. आपल्या सोयीसाठी श्लोक वळवायचा नाही, ही शिस्त दोन्ही बाजूंनी पाळावी लागते.)

तमाची गीतेतली खरी जागा माझ्या मते अठराव्या अध्यायाचा बत्तिसावा श्लोक आहे. ‘अधर्मं धर्ममिति या मन्यते तमसावृता’. जी बुद्धी तमाने झाकली जाऊन अधर्मालाच धर्म समजते आणि सगळ्या गोष्टी उलट्या बघते, ती तामसी. हा माणूस पहाटे चारला उठणारा असू शकतो. स्नानसंध्या वेळेवर करणारा, कामसू, कडक शिस्तीचाही असू शकतो. झोपेवरून तम मोजलं तर हा माणूस सुटून जातो. म्हणून मी नेहमी सांगतो, चौदाव्यातला श्लोक वाचल्यावर अठराव्यातला वाचल्याशिवाय पोथी मिटू नका.

जेवणाचं आपण विचारलं नाही, तरी विषय निघाला की लोक तिकडे वळतातच, म्हणून थोडक्यात. सतराव्या अध्यायात ‘यातयामं गतरसं’ या श्लोकात शिळं, रस गेलेलं, वास येणारं, उष्टं अन्न ‘तामसप्रियम्’ म्हटलं आहे, तामस माणसाला आवडणारं. कांद्या-लसणाचं नाव तिथे नाही. ते निषेध धर्मशास्त्रातून आलेले आहेत. आणि वर्णन आवडीचं आहे. ज्याला रात्रपाळीहून आल्यावर डब्यात उरलेली भाकरी खावी लागते, त्याची ती आवड नसते.

आपण साताऱ्याकडची माणसं, तेव्हा समर्थांना विचारल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पाचवा समास रजोगुणाचा, सहावा तमोगुणाचा, सातवा सत्त्वगुणाचा. तमोगुणाच्या समासात समर्थांचा मोठा भर रागावर आणि हिंसेवर आहे. गीतेत मात्र काम आणि क्रोध तिसऱ्या अध्यायात ‘रजोगुणसमुद्भवः’, म्हणजे रजातून आलेले आहेत. हा फरक मला बरीच वर्षं कोडं वाटायचा. मग एकदा पाठ घेताना समर्थांच्या ‘नोळखे माता पिता’ या शब्दांवर थांबलो. राग भरला की माणूस आईबापांनाही ओळखत नाही. राग पेटतो तो रजाने; पण समोर आई उभी आहे हे न दिसणं, ते तम. समर्थांनी नेमकी तीच जागा धरली आहे. झाकलं जाणं हाच अर्थ, फक्त त्यांनी तो घरातल्या मारहाणीत दाखवला, आणि घरोघर तेच तर दिसत असतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ‘असतो मा सद्गमय, तमसो मा ज्योतिर्गमय, मृत्योर्मामृतं गमय’ हा बृहदारण्यक उपनिषदातला, पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या ब्राह्मणातला जप. यज्ञात प्रस्तोता नावाचा ऋत्विज साम गाऊ लागला की यजमानाने हे म्हणायचं. याची मोठी सोय अशी की अर्थ उपनिषदानेच खाली दिला आहे : ‘मृत्युर्वै तमो ज्योतिरमृतम्’. तमस् म्हणजे मृत्यू, ज्योती म्हणजे अमृत. तिसऱ्या ओळीबद्दल उपनिषद म्हणतं, हिच्यात झाकलेलं काही नाही. म्हणजे तिन्ही ओळी एकच मागणं मागतात आणि तिसरीत ते उघडं होतं. शंकराचार्य जोडून देतात की अज्ञान झाकतं म्हणून ते तमस्, आणि तेच मरणाला कारण होतं म्हणून ते मृत्यू.

यातल्या ‘गमय’कडे लक्ष द्या. अंधार नाहीसा कर, असं इथे म्हटलेलं नाही. ‘मला ने’ असं म्हटलं आहे. हलायचं आहे ते मागणाऱ्याने. तुमच्या मुलीला शिकवताना ‘मा’चा अर्थ आवर्जून सांगा, पुष्कळ मुलं तो मराठी ‘मा’, म्हणजे आई, समजतात किंवा ‘नको’ अर्थाचा संस्कृत ‘मा’. इथे तो ‘मला’ आहे. पसायदानात ज्ञानेश्वर महाराज ‘दुरितांचें तिमिर जावो’ म्हणतात, तिथे मात्र अंधार जाण्याचंच मागणं आहे. आणि जायचं ते दुरिताचं तिमिर, दुरित करणारा माणूस नव्हे. खळांचीही ‘व्यंकटी’, म्हणजे वाकडेपणा, सांडावी, एवढंच ते आधी मागून चुकलेले असतात. दोन्ही एका पाठोपाठ म्हणून बघा, मुलीला फरक आपोआप कळेल.

राहिला ‘तामसी’ हा शब्द. सप्तशतीच्या, म्हणजे देवीमाहात्म्याच्या, पहिल्या अध्यायात विष्णू शेषावर योगनिद्रेत आहेत. मधु आणि कैटभ ब्रह्मदेवाला मारायला उठतात, तेव्हा ब्रह्मदेव विष्णूला हाक मारत नाही. तो त्यांच्या डोळ्यांत वसलेल्या निद्रेचीच स्तुती करतो. ती डोळ्यांतून, मुखातून, हृदयातून बाहेर पडते, मग विष्णू जागे होतात. आषाढी एकादशीला आपण शयनी म्हणतो ती याच विष्णूच्या झोपेमुळे. ज्ञानोबांची पालखी लोणंद-फलटणवरून त्या झोपेच्या दिवसासाठी पंढरपुराकडे निघालेली असते. स्तुती संपल्यावर ही कथा सांगणारे ऋषी त्या निद्रेला जे नाव देतात ते असं : ‘एवं स्तुता तदा देवी तामसी तत्र वेधसा’.

घरी नवरात्रात सप्तशतीचा पाठ होत असेल, तर या ओळीशी क्षणभर थांबून वडीलधाऱ्यांनाच तिचा अर्थ विचारा. वाद घालू नका, नुसता अर्थ विचारा. आणि पाळी संपवून आल्यावर खिडकीचा पडदा ओढून स्वस्थ झोपा.